दाद द्यावी, दाद घ्यावी

'दाद' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. मूळ अर्थ न्याय. म्हणूनच आपण कचेरीत दाद मागतो आणि मैफलीत चांगल्या शेराला दाद देतो. हाताखालच्या माणसांचं कौतुक कसं करावं, हे सांगताना मला हाच शब्द जवळचा वाटतो. कौतुक ही साहेबाची मेहेरबानी नव्हे, ते कामगाराचं देणं आहे.

मुशायऱ्यात बसलं की एक गोष्ट लवकर कळते. प्रत्येक ओळीला 'वाहवा' करणारा ऐकत नसतो. जाणकार गप्प बसून ऐकतो आणि नेमक्या शेराला 'मुकर्रर' म्हणतो, म्हणजे पुन्हा ऐकवा. 'छान, चालू द्या' म्हणत शेडमधून फिरणारे साहेब मला त्या वाहवावाल्यांचे भाऊबंद वाटतात.

दौंड तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर जा. गूळ चांगला उतरला की नाव गुळव्याचं होतं. ते रास्तच आहे, काहील कधी उतरवायची हे त्यालाच कळतं. पण चुलवणात चिपाडं सारणाऱ्याचं काय? त्यानं जाळ वेळेवर आवरला नाही तर पाक करपतो, गूळ काळा पडतो. 'आज जाळ बरोबर धरलास गड्या, म्हणून रंग आला,' एवढं चार जणांदेखत म्हणायला मालकाचा छदामही जात नाही. काही गुळवे असं म्हणतात, मी ऐकलं आहे.

दौंड हे रेल्वेचं मोठं जंक्शन. तिथल्या लोहमार्गावरून रोज एक माणूस पायी चालत जातो. त्याला कीमॅन म्हणतात. रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा तपासायच्या, सैल असेल ती ठोकायची. थंडीच्या पहाटे रूळ आकसतो आणि तडा जाण्याचा धोका वाढतो. असा तडा हेरून गाडी थांबवणाऱ्यांना मध्य रेल्वे सुरक्षा पुरस्कार देते. कुणी, कधी, काय पाहिलं, हे त्यात नेमकं सांगितलेलं असतं. ही खरी दाद. पण वर्षातले बहुतेक दिवस तडा सापडतच नाही. 'काही झालं नाही' हीच त्या दिवसाची कमाई! तिला दाद कोण देणार? ते मुंबईच्या कार्यालयाला जमणारं नाही. रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या मुकादमालाच ते जमेल.

आमच्या शिरूरकडची कितीतरी पोरं रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, बरीचशी कंत्राटावर. भिंतीवर 'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून फोटो लावायची पद्धत आता सगळीकडे आहे. वाईट नाही. पण कंत्राटी पोराला साहेबानं नावानं हाक मारली, तर त्याला ती फोटोपेक्षा मोठी वाटते.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. तिथे आधी मजुरी आहे. गोड बोलणं मजुरीच्या बदल्यात चालत नाही. सकाळी पाठ थोपटलेला तोच पोरगा दुपारी ओव्हरटाइमचा चुकलेला हिशेब किंवा फाटके हातमोजे घेऊन समोर उभा राहतो. तेव्हा साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही, तर सकाळची थाप कडू होते. संध्याकाळी घरी तो एवढंच सांगतो, 'साहेबांनी दाद घेतली नाही.'