थकत्या हृदयाला हातभार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी हृदयविकारावर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या पिढीने परमुलखात हे मंडळ उभारले, तिची पिकलेली मस्तके समोर दिसत आहेत. म्हणूनच हा विषय मी निवडला.

हृदय म्हणजे मूठभर स्नायू. विश्रांतीतही ते मिनिटाला सुमारे ५ लिटर, म्हणजे दिवसाकाठी ७,००० लिटरांहून अधिक रक्त खेळवते. हा स्नायू दुर्बळ झाला की जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते, रात्री उशाखाली आणखी एक उशी घ्यावी लागते. माझ्या वडिलांचे असेच होत असे. आम्ही मात्र ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ राहिलो.

१९६७ साली केपटाउनला हृदयारोपण झाले. पाठोपाठ १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी ते धाडस केले. तो रुग्ण काही तासच जगला. पुढे हे शास्त्र स्थिरावले. परंतु दान मिळणारी हृदये नेहमीच अपुरी. म्हणून यांत्रिक पंप आले. मात्र हृदयाचा जवळजवळ सगळा भार उचलणारे हे पंप मोठ्या शस्त्रक्रियेने, बहुधा अगदी शेवटच्या अवस्थेत बसवले जात.

तेव्हा काही शल्यविशारदांनी वेगळा प्रश्न विचारला. बैल घाटात गुडघे टेकेपर्यंत थांबायचे कशाला? त्याआधीच गाडीला मागून खांदा दिला तर? या विचारातून ‘सिनर्जी’ हा पेन्सिल सेलएवढा पंप जन्मला. २००७ साली बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे तो प्रथम माणसाला बसवला गेला. पेसमेकर ठेवतात तसा तो छातीच्या वरच्या भागात कातडीखाली राही. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातून रक्त घेऊन तो हाताकडे जाणाऱ्या रोहिणीत सोडी. मिनिटाला दोन-तीन लिटरांचा भार तो उचली. उरलेले काम हृदय स्वतःच करी. वीज पुरवणारी तार कातडीतून बाहेर येऊन बॅटरीला जोडलेली असे.

रक्ताभिसरण सुधारले, फुफ्फुसांवरचा ताण उतरला. पण गुठळी, रक्तस्राव व जंतुसंसर्ग ही यांत्रिक पंपांची जुनी संकटे येथेही होतीच. २०१२ मध्ये युरोपात मान्यता मिळूनही हा पंप रुजला नाही. आज तो वापरात नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र जिवंत आहे आणि त्याच वाटेने इतर छोट्या पंपांचे प्रयोग चालू आहेत.

मला यातून एकच सांगायचे आहे. मदत थकव्याच्या आरंभी पोहोचावी, अखेरीस नव्हे. आज औषधे उत्तम आहेत. ती वेळेवर सुरू व्हावीत एवढेच. या सभागृहाचा जिना चढताना आपल्यापैकी कोणी मध्येच थांबले असेल, तर त्याला वयाचा दाखला देऊ नका. उद्याच त्याला वैद्याकडे न्या. गावापासून दूर राहणाऱ्या आपल्याला एकमेकांवाचून दुसरे आप्त कोण?