दुर्मीळ नेत्रविकार : आशा कुठे ठेवावी?

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या नेत्रतपासणी शिबिरात आम्ही डॉक्टर मंडळी बसतो, तेव्हा मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, काचबिंदू यांवर आमच्याकडे काही ना काही उत्तर असते. पण एखादे वर्षी एखादी आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पुढे करते आणि म्हणते, “दिवेलागण झाली की हा भिंत धरून चालतो हो.” पुढच्या तपासण्यांत दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा, आनुवंशिक विकार निघतो. मग ती विचारते, “इंजेक्शनने दृष्टी येते असे वाचले. घर विकायची तयारी आहे. जाऊ का?”

आज आम्ही या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

आधी एक खरी, आशेची गोष्ट. थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८६९ साली जन्मापासूनच्या एका अंधत्वाचे वर्णन केले. त्याला आज त्याचेच नाव आहे. हा विकार अनेक जनुकांतील दोषांमुळे होतो. त्यांपैकी एक जनुक आरपीई६५. प्रकाश टिपण्यासाठी पडद्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप पुन्हा पुन्हा तयार करावे लागते. हे जनुक बिघडले की ते काम थांबते आणि पेशी हळूहळू मरतात.

निरोगी जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून पडद्याखाली सोडायचे, हा उपाय आधी जन्मांध कुत्र्यांवर करून पाहिला. त्यांना दिसू लागल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. माणसांवरचे प्रयोग २००७ मध्ये सुरू झाले, तेही जास्त अधू असलेल्या एकाच डोळ्यावर. पुढच्या मोठ्या अभ्यासात ३१ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच उपचार, दुसऱ्याला एक वर्षानंतर. मग वेगवेगळ्या उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालायला लावले. वर्षअखेर उपचार झालेल्या २० जणांपैकी १३ जण सर्वांत मंद उजेडातही ती वाट पार करू शकले. थांबलेल्या गटातला एकही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे औषध फक्त याच जनुकाच्या दोषावर चालते आणि पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असतील तरच. शिवाय तेव्हा त्याची किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली.

आता दुसरी गोष्ट. त्याच २०१७ साली फ्लोरिडातल्या तीन वयस्क स्त्रियांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांना वयोमानाने होणारा पडद्याचा विकार होता. एका खासगी दवाखान्यात प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले. पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘मूळपेशी’ एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. तिघींचीही दृष्टी फार गंभीरपणे गेली. आणि त्या उपचाराची नोंद ‘अभ्यास’ म्हणून सरकारी यादीत होती!

म्हणून त्या आईला आमचे उत्तर असे : घर विकू नका, आधी प्रश्न विचारा. अभ्यासाची नोंद आहे का? आपल्या देशात २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची आहे. पण नुसती नोंद पुरेशी नाही. नीतिसमितीची मंजुरी कोणत्या संस्थेची? इजा झाल्यास खर्च कोण करणार? दोन्ही डोळे एकदम का? आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले, तर उठून बाहेर या. संमतिपत्र तेलुगू किंवा इंग्रजीत असेल तर संकोच करू नका. आपल्याला कळेल त्या भाषेत समजावून घेतल्याखेरीज सही नको. सही केली तरी मधूनच बाहेर पडण्याचा हक्क आपलाच.

मग हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. मुलाची जनुकचाचणी करून घ्या. कोणते जनुक बिघडले हे कळल्याशिवाय कोणत्याही खऱ्या अभ्यासाचे दार उघडत नाही. जुने कागद जपून ठेवा. भावंडांनाही तपासा. आपल्याकडे आणि इथल्या तेलुगू घरांतही नात्यात सोयरिकी होतात. घरात असा विकार असेल, तर लग्न ठरवण्याआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्या. त्यात कुणाच्या घराण्याला कमीपणा नाही. हा दोष बहुधा आईवडील दोघांकडून, नकळत आलेला असतो. सुनेला बोल लावणे तर सोडूनच द्या.

आणि त्या मुलाला आजच शाळेत पुढच्या बाकावर बसवा, घरात भरपूर उजेड ठेवा, लागेल ते साधन द्या. औषध येईल तेव्हा येईल. त्याचे शिक्षण त्यासाठी थांबू नये.

त्या ३१ जणांमधले काही वर्षभर नुसते थांबले, म्हणून औषध खरे की खोटे हे कळले. आशा ठेवायची ती अशा कामावर. 

गणपती बाप्पा मोरया!