सामान कोण सांभाळणार?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत माझं बोलणं ‘विरंगुळा’ या सदराखाली छापलं आहे. पोटगी, रेशन, पोलीस ठाणं अशा सत्रांनंतर विरंगुळा हवाच. पण मला जे सांगायचं आहे ते सगळं काही विरंगुळ्याचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मे २०२४ मध्ये आम्ही नऊ जणी हिमाचल प्रदेशात, कुल्लू जिल्ह्यातल्या पार्वती खोऱ्यात सर पासला गेलो होतो. सर पास ही सुमारे ४,२२० मीटरवरची, म्हणजे जवळजवळ चौदा हजार फुटांवरची खिंड. खाली कसोलला वसंत असतो, सफरचंदाची झाडं पालवलेली असतात, आणि वर मे महिन्यातही गुडघ्याएवढा बर्फ. महाराष्ट्रातल्या कितीतरी जणी यूथ हॉस्टेल्सबरोबर या वाटेनं जाऊन आल्या आहेत. त्यांच्या मोहिमेत तंबू आधीच लावलेले असतात, जेवण तयार असतं. आम्ही ठरवलं की तंबू, शिधा, शेगडी सगळं आपल्याच पाठीवर न्यायचं आणि वन खात्याची परवानगी काढून मोकळ्यावर मुक्काम करायचा. वाट दाखवायला तिथलाच एक जण घेतला. वाटाडी बाई शोधली होती, पण आम्हाला मिळाली नाही.

नऊ जणींत सगळ्यात लहान चोवीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या मावशी छप्पन्न वर्षांच्या. मावशी आमच्या घरकामगार संघटनेच्या. वर्षभर आधी सगळ्यांनी दरमहा जमेल तेवढे पैसे टाकले. तंबू एका गिरिभ्रमण मंडळाकडून मागून आणले. राजगड आणि हरिश्चंद्रगडावर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सराव केला.

सगळ्यात अवघड चढ मात्र घरातच होता. ‘कशाला जायचं?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तीर्थयात्रा म्हटलं की बाईला रजा मिळते, शिखर म्हटलं तर कौतुकही होतं. बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर गेल्या, त्यांचा धडा पोरं शाळेत शिकतात. पण १९७५ साली एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई, जपानच्या जुन्को ताबेई, निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती, आणि मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर ‘घरी बसून पोरं सांभाळा’ हे ऐकावं लागलंच. विक्रम करायला निघालेलीची ही गत, तर नुसतंच भटकायला निघालेलीला कोण सोडणार? आमच्यातल्या एकीनं घरी ‘प्रशिक्षण आहे’ असं सांगितलं. मला ते पटलं नाही, पण मी तिला थांबवलंही नाही.

कसोलहून नाल्याच्या काठाकाठानं चार-पाच तास चाललं की ग्राहण गाव लागतं. गावाच्या अलीकडे एक बाई भेटली. अंगावर लोकरीचा पट्टू, पाठीवर लाकडानं भरलेला किल्टा. किल्टा म्हणजे तिकडची पाठीवर घ्यायची उंच टोपली. आमच्याकडे बघून तिनं विचारलं, “इतना बोझ उठाने की तनख्वाह कितनी मिलती है?” आम्ही म्हटलं, काही नाही, स्वतःच्या पैशानं आलोय. ती इतकी हसली की किल्टा टेकवून खालीच बसली. तिला नक्की कशाचं हसू आलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पहिला मुक्काम कुरणावर. अशा कुरणाला तिकडे थाच म्हणतात. रात्री तंबूबाहेर पावलं वाजली, मग पुरुषाचा खोकला. तिन्ही तंबूंत आम्ही नऊच्या नऊ जणी जाग्या होतो आणि एकीनंही दुसरीला हाक मारली नाही. एकीच्या मुठीत तिखटाची पुडी होती. तो निघाला मेंढपाळ, चुकलेली मेंढी शोधणारा. आमची बॅटरी तोंडावर पडल्यावर आमच्यापेक्षा तोच जास्त दचकला. सकाळी बोलताना कळलं की बर्फाची, थंडीची, अस्वलाची भीती कुणालाच वाटली नव्हती. ती पुडी पुढे पिठल्यात संपली.

तिसऱ्या दिवशी नगारूला पोचलो, साधारण साडेबारा हजार फूट. आता त्या बर्फाबद्दल थोडं सांगायला हवं. वसंतातला बर्फ रात्री गोठून फरशीसारखा टणक होतो. पहाटे त्याच्यावरून चालता येतं, फक्त घसरायचं नाही. ऊन चढलं की तो भिजतो, पाय मांडीपर्यंत आत जातो, उतारावरचा थर सुटून खाली येण्याची भीती असते. दुपारी वर ढगही भरतात. म्हणून खिंड सकाळीच ओलांडायची, त्यासाठी तीन-साडेतीनला निघायचं. पाण्याच्या नळासाठी पहाटे उठायची सवय असलेल्यांना यात काय कठीण, असं मला वाटलं होतं. पण बर्फ वितळवून नऊ जणींचं पाणी करायला, गोठलेले तंबू गुंडाळायला किती वेळ लागतो याचा अंदाजच नव्हता. निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते.

नऊच्या सुमारास बर्फ मऊ झाला. मावशी मागे पडत होत्या. दहा पावलं टाकून थांबत होत्या. वाटाड्या म्हणाला, आता परत फिरा. तरुण मुली म्हणाल्या, खिंड समोर दिसतेय. वाद सुरू झाला. तेव्हा मावशी म्हणाल्या, “ताई, मला इथंच बसवा. तुम्ही जाऊन या. मी सामान सांभाळते.”

मैत्रिणींनो, सहलीला गेलेलं कुठलंही कुटुंब आठवून बघा. पोरं पाण्यात, पुरुष पाण्यात, आणि काठावर चपला, पिशव्या, घड्याळं घेऊन बसलेली एक बाई. माझी आई तशी बसायची. आणि तरीही मावशी तसं म्हणाल्या तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? सुटले, असं वाटलं. प्रश्न सुटला. चौदा हजार फुटांच्या आसपास, ढग यायच्या वेळेला, एका थकलेल्या बाईला बर्फावर एकटी बसवून जायचा विचार मी करत होते. किती वेळ, ते सांगत नाही. मग मी म्हटलं, सगळ्या परत. दोघी माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत.

नगारूला परत तंबू लावताना मावशींची सॅक मी उचलली आणि मला ती उचलेना. ताडपत्रीवर सगळ्यांच्या सॅक ओतल्या. मावशींच्या सॅकमध्ये तांदूळ, डाळ, तेल, मोठं पातेलं, दोघींची ओली जाकिटं आणि प्रेशर कुकर. तेवढ्या उंचीवर पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. म्हणून मावशींनी घरचा आणला होता. “माझा कुकर, म्हणून मी घेतला. बाकीचं कुणी घेईना, मग राहिलं माझ्याकडं.” चोवीस वर्षांच्या मुलीची सॅक त्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती. म्हणजे मावशी वयामुळे मागे पडत नव्हत्या.

घरकामाचं मोल यावर मी वर्षाला दहा-बारा शिबिरं घेते. तीन दिवस मावशी माझ्यासमोर चालत होत्या. स्वयंपाकाचं ते तुमच्याकडे, हे वाक्य आमच्यापैकी कुणी उच्चारलंही नव्हतं. उच्चारलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं.

त्या रात्री आम्ही भांडलो. एकजण रडली. मावशींनाच अवघडल्यासारखं झालं. “एवढं काय त्यात,” म्हणत राहिल्या. ओझं पुन्हा वाटलं, या वेळी माझ्याकडे कुकर आला. पहाटे तीनला तयार होतो, तर बाहेर हिमवर्षाव सुरू. दहापर्यंत वाट पाहिली आणि आल्या वाटेनं उतरलो. उतारावर मावशी सगळ्यांच्या पुढे होत्या, कुणालाच त्यांना गाठता येत नव्हतं.

तेव्हा सर पास आम्ही काही ओलांडला नाही. परत आल्यावर ‘मग जाऊन काय मिळवलंत?’ असं घरच्यांनी विचारलं, कार्यकर्त्यांनीही विचारलं. ‘प्रशिक्षण’ सांगून आलेलीच्या घरी फोटो पोचले. त्यावरून जे झालं ते अजून चालू आहे, ती इथे बसली आहे, तिला वाटलं तर ती सांगेल.

ज्या गटांना जायचं असेल त्यांच्यासाठी: आम्ही आता स्वतःचे दोन तंबू घेतले आहेत, ते कार्यालयात ठेवले आहेत. शेजारीच एक लटकवायचा वजनकाटा आहे, तो तंबूबरोबरच न्यायचा आणि रोज सकाळी निघताना सगळ्या सॅक तोलायच्या. तंबू ओला घडी करून आणू नका, बुरशी धरते. कुकर मात्र मावशींचा आहे. तो हवा असेल तर त्यांना विचारून न्या, आणि कोण उचलणार ते त्यांच्यासमोर ठरवा.