मुशीला हाड नाही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तुझ्या विषयावर दहा मिनिटं बोल' असं सांगितलं. माझा विषय मासे. तेव्हा जेवणाच्या आधी बोलायला उभं केलं हे बरंच झालं.

आज बोलतो ते मुशी आणि पाकटांबद्दल. आपल्यातले निम्मे लोक मुशीला मोरी म्हणतात, त्यावरून भांडण नको. जिभेला हाड नसतं हे आपल्या वर्गाला सांगायला नको, पण मुशीला तर अंगभर हाड नाही. तिचा सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाची वरची कड असते तशा लवचीक पदार्थाचा. त्यावर चुन्याच्या बारीक फरशा बसवल्यासारखं कवच असतं, म्हणून तो हलका असूनही मजबूत. इतर माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ती हिला नाही. तरंगायला मदत करतं ते तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत. कातडीवरचे खवले दातांच्याच घडणीचे असतात. म्हणून तर मोरी गरम पाण्यात टाकून खरवडावी लागते. आणि शिळी मोरी नाकाला झोंबते ती अंगातल्या युरियामुळे. समुद्राच्या खारेपणाला तोंड द्यायला ती युरिया रक्तात साठवून ठेवते, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो.

हाड नाही म्हणून हा प्राणी मागासलेला, हाडवाले मासे नंतर सुधारून आले, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०२० साली मंगोलियातल्या एका जीवाश्माचं वर्णन प्रसिद्ध झालं. सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा, नाव मिन्जिनिया. मुशी आणि हाडवाले मासे यांच्या वाटा फुटण्याआधीच्या घराण्यातला, आणि त्याच्या कवटीत आतपर्यंत खरं हाड! म्हणजे मुशीच्या पूर्वजांकडे हाड असावं आणि पुढे त्यांनी ते सोडलं असावं. मला हे फार आवडतं. सोडून देणं हीसुद्धा उत्क्रांतीच असते.

या घराण्याच्या दोन मोठ्या शाखा. एकीत खोल समुद्रातले कायमेरा, जेमतेम पन्नासेक जाती. दुसरीत मुशी आणि पाकटं. जगात मुशींच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, पाकटांच्या त्याहून जास्त. ओळखायचं कसं? कल्ल्यांच्या फटी बघा. बाजूला असतील तर मुशी, पोटाखाली असतील तर पाकट. आकारावर जाऊ नका. गिटारीसारखा दिसणारा मासा मागून थेट मुशी वाटतो, पण उलटा केला की फटी खाली दिसतात. करवत मासाही पाकटांतलाच. गंमत म्हणजे दुसऱ्या समुद्रांत करवत असलेली मुशीही आहे. तिच्या करवतीला मिशा असतात. दोघांनी स्वतंत्रपणे एकच हत्यार घडवलं.

आता आपल्या बाजारातली लहान मुशी, स्कॉलिओडॉन. आपल्यापैकी ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं त्यांनी हिचं विच्छेदन केलं असेल. १९२८ साली लखनौच्या इव्हँजेलिन थिल्लयंपलम यांनी तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यावर पिढ्या शिकल्या. हिचं अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, त्यात पिल्लाला पुरेल एवढं अन्नच नाही. मग पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलं जातं, आपल्यासारखंच. माशाला नाळ! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पण खरा प्रश्न इथेच आहे. बांगडी एका हंगामात अंडी घालते ती हजारोंनी. ही मुशी एका वेळी डझनभर पिल्लं देते, मोठ्या जातींपैकी कित्येक तर वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेतात. बांगड्याच्या हिशेबाने मुशी पकडली तर हिशेब जुळत नाही. टोपलीत पोट फुगलेली मुशी दिसली की मी किंमत विचारत नाही, पुढे जातो. कोणी हसतं, हसू दे. बायकोचं म्हणणं, यामुळे घरात बोंबीलच जास्त येतात.

करवत मासा तर आपल्या किनाऱ्यावरून जवळजवळ गेलाच. दातेरी सोंड कुठल्याही जाळ्यात अडकते आणि सुटत नाही. २००१ पासून तो आणि मोठा गिटार मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

तुमच्यापैकी चौघांच्या आजही होड्या आहेत. जाळ्यात यातलं काही जिवंत आलं तर जाळं कापून सोडा. जाळ्याचं नुकसान होतं हे मला माहीत आहे, म्हणून हे सहज म्हणून सांगत नाही. आणि कोणाच्या घरी माळ्यावर आजोबांच्या वेळची करवत पडून असेल, तर तिचा फोटो, लांबी आणि ती कुठल्या खाडीत मिळाली एवढं मला कळवा. दातांची संख्या आणि ठेवण यांवरून जात ओळखता येते. जेवताना मी पाण्याच्या पिंपाजवळ बसेन, तिथे या.