सर, मी घरातच होते

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जळगाव येथे डिसेंबर २०२५ मध्ये व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील अनुभव’ हा विषय दिला होता. पण सकाळपासून मुलांच्या नोकऱ्यांबद्दल इतक्या जणांनी विचारलंय, की ते सगळं जेवताना बोलू. इथे मला पळण्याबद्दल सांगायचंय. त्यात एक कबुलीही आहे. ती शेवटी.

काहींना आठवत असेल, मी ८०० मीटर पळायचे. आपल्या मैदानावर चुन्याने आखलेल्या रिंगणाच्या चार फेऱ्या. दहावीत मी जिल्ह्यात दुसरी आले आणि विभागीय स्पर्धेला नाशिकला जायचं ठरलं. मी गेले नाही. दहावीचं वर्ष होतं. पुढे बारावी, इंजिनीअरिंग, पुण्यात नोकरी, लग्न होऊन धुळे. ‘पळू नकोस’ असं मला कधी कोणी म्हटलं नाही. ते आपोआप सुटलं. वर्गातल्या मुलांचं क्रिकेट नोकरी लागल्यावर सुटलं, आम्हा मुलींचं सगळं सोळाव्या वर्षीच सुटलं.

मोठ्या जगातही असंच झालंय. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्या, आणि त्यांना ते झेपत नाही असं म्हणून ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० साली, रोमला. ३२ वर्षांनी. माझी २८ वर्षांनी आली, आणि तीही गुडघा मोडल्यावर.

ऑगस्ट २०२२. घरून काम चालू होतं, म्हणून मी धुळ्यालाच होते. पावसात देवपुरातून येताना वळणावरच्या वाळूवर स्कूटी घसरली. पाय खाली अडकला आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजासारखा सुजला. एमआरआयमध्ये निघालं, एसीएल पूर्ण तुटलाय. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये म्हणून आत एक तिरकी दोरी असते, तीच ही.

डॉक्टर म्हणाले, “या वयात ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. व्यायामाने स्नायू बळकट केले तर चालणं, जिना, रोजची कामं नीट होतात. तुम्हाला पुढे काय करायचंय, त्यावर ठरवू. खेळता का काही? पळायचंय का?”

सोबत सासूबाई होत्या. मी बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “आते कोठे पयनं शे तिले?”

त्यात टोमणा नव्हता, साधा हिशोब होता. मलाही तो पटायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं, “पळायचंय.” २८ वर्षांत हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नव्हता. डॉक्टरांना काही विशेष वाटलं नाही, त्यांनी लिहून घेतलं. मला मात्र घरी येईपर्यंत रडू येत होतं. दुखत होतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

ऑपरेशनमध्ये माझ्याच मांडीच्या मागची एक शीर काढून गुडघ्यात नव्या दोरीसारखी बसवली. मग फिजिओथेरपी. पहिला व्यायाम काय, तर गुडघ्याखाली टॉवेल ठेवून मांडी आवळायची. मेंदू हुकूम देतोय आणि मांडी हलत नाही. महिन्याभरात ती मांडी दुसरीपेक्षा ३ सेंटीमीटर बारीक झाली होती.

दोन महिने झाले आणि एकदम बरं वाटायला लागलं. सूज नाही, दुखणं नाही. मी विचारलं, “आता पळू?” तेव्हा फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जे सांगितलं, ते तुमच्यातल्या गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा. बसवलेली शीर आधी जणू मरते. तिला रक्तपुरवठा नसतो. हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि तिचा पुन्हा अस्थिबंध बनत जातो. या उलाढालीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास ती सगळ्यात कच्ची असते. म्हणजे आपल्याला छान वाटायला लागतं, नेमकं तेव्हा. नऊ महिन्यांच्या आत जोरदार खेळात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा तुटण्याचा धोका बराच जास्त असतो.

मी हे ऐकलं, पण पुरतं ऐकलं नाही. पाचव्या महिन्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू झालं. नकाणे रस्त्याने, पहाटे. तीन आठवड्यांत दम लागेनासा झाला. एका रविवारी वाटलं, दहावीतली मी तर या वेळेत कुठल्या कुठे गेले असते. आणि सलग ३ किलोमीटर पळाले. दुपारी गुडघा पुन्हा सुजला. सहा आठवडे पळणं बंद.

नशिबाने शीर शाबूत होती. पण त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट कळली. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. शिरा, अस्थिबंध आणि हाडं यांना महिने लागतात. दम साथ देतो, म्हणून आपण फसतो. आमच्या कामात नवं काही बिघडलं की जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. शरीरात ती सोय नाही. मी दहावीतल्या मुलीकडे परत जायला निघाले होते. ती मुलगी आता कुठेच नाही. ४२ वर्षांची एक नवशिकी बाई होती, आणि तिला तिच्या वेळेनेच शिकायचं होतं.

मग शिकले. एका पायावर खुर्चीतून उठणं, एका पायावर उडी. दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक १० टक्क्यांच्या आत आल्यावरच अंतर वाढवलं. आपल्याकडच्या मेमध्ये पहाटे पाचलाच बाहेर पडायचं, नाहीतर नाही. सलग ५ किलोमीटर पळायला ऑपरेशननंतर १४ महिने लागले.

यंदा जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचा हाच अस्थिबंध फाटला. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलेला हा गडी. त्याचंही ऑपरेशन झालं, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. बातमी वाचली आणि पहिलं मनात आलं, आता त्यालाही मांडी आवळण्यापासून सुरुवात करावी लागणार. ती शीर राष्ट्रीय विक्रमवीराची असो की माझी, तिचा वेळ ती घेतेच.

आता मी आठवड्यातून तीनदा पळते. वेग सांगण्यासारखा नाही. सासूबाई दारात बसलेल्या असतात. विचारतात, “पयी उनी का?” आणि चहा ठेवतात.

आता कबुली. सर, तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. नाशिकच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही सायकलवर आमच्या घरी आला होतात. माझ्या लहान भावाने सांगितलं, ताई क्लासला गेलीय. तुम्ही दहा मिनिटं ओट्यावर बसलात, पाणी प्यायलात आणि गेलात. सर, मी घरातच होते. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. बाबांनी नको म्हटलं म्हणून मी गेले नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आले. बाबा काहीच म्हणाले नव्हते. नाशिकला हरले तर काय, याची मला भीती वाटली होती. डॉक्टरांनी ‘पळायचंय का’ विचारलं, तेव्हा मला तुमची ओट्याला टेकवलेली सायकल दिसली होती.

उत्तर द्यायला उशीर झाला, सर. पळायचंय.

उद्या सकाळी सहा वाजता मी मेहरूण तलावावर असेन. ज्यांना पळायचंय त्यांनी या, ज्यांना चालायचंय त्यांनीही या. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून या. आणि सर, तुम्ही नुसते शिट्टी घेऊन आलात तरी चालेल.