सागराची साक्ष
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हैदराबादेतून समुद्र दिसत नाही. तथापि हिंदी महासागराची नाडी आपल्याच शहरात तपासली जाते. १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र येथेच आहे. म्हणून आजचा विषय आपल्याला परका नाही.

"यंदा थंडी कडाक्याची पडली, मग पृथ्वी तापते कशी?" असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. हवा चंचल असते. वारा फिरला की तिचे तापमान बदलते. पाण्याचा स्वभाव निराळा. भरलेला हंडा सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी सामावून घेतली आहे. म्हणून साक्ष काढायची ती सागराची.

ही साक्ष नोंदविण्यासाठी 'आर्गो' नावाची सुमारे ४००० स्वयंचलित उपकरणे जगभरच्या समुद्रांत तरंगत आहेत. साधारण दर दहा दिवसांनी ती २००० मीटर खोलीवरून वर येताना पाण्याचे तापमान व क्षारता मोजतात आणि उपग्रहाकरवी कळवितात. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजावरील संशोधकांनी दोरीला तापमापक बांधून घेतलेल्या नोंदींशी शास्त्रज्ञांनी त्या ताडून पाहिल्या. महासागर तापल्याचेच आढळले.

तापलेले पाणी प्रसरण पावते; समुद्राची पातळी वाढण्याचे ते एक प्रमुख कारण. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१० व २०१६ मध्ये उष्णतेने पांढरी पडली. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या शहरात घराघरांत पाणी शिरले, तो पाऊसही बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्राने आणला होता. त्या एका पावसावरून तापमानवाढ सिद्ध होत नाही. परंतु उबदार समुद्रावरून अधिक बाष्प वर चढते, हा निसर्गनियम आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एका दिवसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये, दीर्घकाळच्या नोंदींवरून काढावा, हा सागराने शिकविलेला धडा. शाळेच्या अंगणात तापमापक व पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवण्यास यंदाच आरंभ करू या. अमृत महोत्सवी वर्षी येथे बसणाऱ्या मुलांच्या हाती पंधरा वर्षांच्या त्या वह्या असाव्यात, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेते.