‘पाटण’ : एक शब्द, अनेक गावे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घराण्यांचे मूळ गाव कोयना-केरा संगमावरील पाटण. मुंबई-पुण्यास वाढलेली मुले विचारतात, या नावाचा अर्थ काय? सोळंकी राजांची राजधानी अणहिलवाड पाटण गुजरातेत होती. तेव्हा आपले पूर्वज तेथून आले काय? या प्रश्नाचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

संस्कृतात हा शब्द ‘पत्तन’ किंवा ‘पट्टन’ असा आढळतो. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’ या क्रमानेच ‘पट्टण’चे मराठीत ‘पाटण’ झाले. पैठण मात्र निराळे. ते ‘प्रतिष्ठान’पासून आले.

तमिळमध्ये ‘पट्टिनम्’ म्हणजे समुद्रकाठचे गाव, जसे नागपट्टिनम्. आणि ‘पट्टणम्’ म्हणजे शहर. तेलुगू मुलखातील विशाखापट्टणम् हे बंदर. पण कर्नाटकातील श्रीरंगपट्टण समुद्रापासून दूर, कावेरीच्या बेटावर. नेपाळातील ललितपुरासही पाटण म्हणतात. तेथे समुद्र कोठून असणार? शब्द मुळात संस्कृत की द्राविड, यावर पंडितांचे एकमत नाही.

मग अर्थ बंदर की शहर? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाने जलमार्गांवर व स्थलमार्गांवर ‘पण्यपत्तने’ वसवावीत, असे सांगितले आहे. जैन टीकाकारही जलपत्तन व स्थलपत्तन असे दोन भेद करतात. म्हणजे जेथे माल उतरतो व विकला जातो ते पत्तन. मग तो गलबतातून उतरो वा बैलाच्या पाठीवरून. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडकडे जाणाऱ्या वाटेवर आपले पाटण आहे. त्यास स्थलपत्तन मानणे आम्हांस सयुक्तिक वाटते.

तेव्हा केवळ नामसाम्यावरून वंशावळीस अणहिलवाड जोडणे योग्य नव्हे. जेथे पेठ भरे तेथे हे नाव पडे. त्यावरून कोणाचे कूळ सिद्ध होत नाही. ते शोधावयाचे तर सनदा, महजर, वतनाचे कागद पाहिले पाहिजेत. कोयनेच्या जलाशयाखाली या तालुक्यातील गावे गेली, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घरे पडली. यातूनही ज्यांच्या घरी मोडी कागद उरले असतील, त्यांनी ते वाळवीच्या तोंडी देऊ नयेत. जाणत्याकडून वाचवून त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. उसन्या राजधानीपेक्षा आपल्या पेठेचा एक खरा कागद आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.